सहावीच्या वर्गात नाणेघाट कसा चढवावा?

शाळेची_घंटा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतीच वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

मी ठाणे जिल्ह्यातल्या एका गावच्या मराठी शाळेत सहावीला इतिहास शिकवते. वर्गात ४४ मुलं. सातवाहन आले की नाणेघाट येतोच, आणि आमच्या कितीतरी मुलांच्या अंगणातून तो डोंगर दिसतो. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला, तिथून पैठणला आणि पार तेरपर्यंत जायचा, हे त्यांना मनापासून कळावं अशी माझी फार इच्छा आहे.

गेल्या वर्षी मी नाटुकलं बसवलं. पगड्या, कागदी पताका, काजळाच्या मिशा. राजा आणि व्यापारी दोन हुशार मुलांनी केले, सगळे संवाद त्यांनाच. उरलेली मुलं बैल. पालकांनी फोटो काढले, मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. आठवड्याने मी विचारलं, "घाटाखालून वर काय जायचं आणि वरून खाली काय यायचं?" वर्ग गप्प. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, मी डावीकडून तिसरा बैल होते." तिला तेवढंच आठवत होतं. दोष तिचा नव्हता, मीच तिला दुसरं काही करायला दिलं नव्हतं.

यंदा पुन्हा करायचंय, पण नाटक नको. प्रत्येक मुलाला काहीतरी ठरवावं लागेल, नडेल, सोडवावं लागेल असं काही. जोडून दोन तास मिळतात, म्हणजे सत्तर मिनिटं. खर्च जवळजवळ शून्यात बसायला हवा. कुणी असं केलंय का? सुचवा, प्लीज.

गोदाकाठ
धागा आवडला. मी पैठणचा, त्यामुळे घरचंच कार्य वाटतंय.

आधी मालाची यादी पक्की करा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेलं 'पेरिप्लस' आहे, त्यात आपली गावं नावानिशी येतात. गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून गोमेदासारखे दगड, तेरहून जाडंभरडं कापड आणि मलमल. हा माल वाट धड नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जायचा, असं त्याने लिहून ठेवलंय. बाहेरून यायचं ते द्राक्षाची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळी, काच.

पैठण ते तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास. दहा दिवसांनी भागा, दिवसाला पंधरा. हे गणित मुलांकडूनच करून घ्या, बैलाची चाल त्यांना आपोआप कळेल.

वाचनखूण
वाचतेय. ती "तिसरा बैल" म्हणणारी मुलगी डोळ्यांसमोरून जात नाही.

रानवारा
नाणेघाट मी सात-आठ वेळा चढलोय, पायथ्याच्या वैशाखरे गावाच्या बाजूने. ताई, या सगळ्याचं मर्म घाटाच्या शेवटच्या टप्प्यात आहे. दोन्ही अंगांना कातळ आणि मधे चिंचोळी नळी, पायाखाली दगडी पायऱ्या. तिथे गाडी चढूच शकत नाही. पाठीवर गोणी टाकलेलं जनावर जाईल, डोक्यावर ओझं घेतलेला माणूस जाईल, पण चाक नाही. म्हणजे खाली माल सोडायचा, पुन्हा बांधायचा, वर नेऊन पुन्हा गाडीत भरायचा. प्रत्येक सोडाबांधीला माणसं लागतात आणि त्यांना मजुरी लागते.

तुमच्या शाळेला जिना आहे का? असला तर जिना म्हणजे घाट. खालचा वर्ग कोकण, वरचा वर्ग देश. जिन्यावर माणसांचा कठडा करून वाट एकेरी करा. वरून धान्य घेऊन येणारे आणि खालून मीठ घेऊन जाणारे मधे समोरासमोर आले की काय होतं ते मुलांनाच सोडवू द्या.

आजीचा_बटवा
जिन्याची कल्पना झकास!

एक सांगते. माझ्या नातवाच्या शाळेत असाच "प्राचीन बाजार" भरवला होता. हौसेने गेले तर मांडलेलं काय? लाल मिरच्या, बटाटे, टोमॅटो, मक्याची कणसं. बाई गं, यातलं एकही तेव्हा आपल्याकडे नव्हतं. मिरची आली पोर्तुगीजांच्या मागून, सोळाव्या शतकात. सातवाहनांच्या काळी तिखटपणाला मिरी आणि पिंपळी. पिंपळी तर परदेशी जाणाऱ्या मालातच होती. वाण्याकडे मिळते, दहा रुपयांची पुडी पुरेल. एकेक दाणा मुलांच्या जिभेवर ठेवायला द्या, जन्मभर विसरणार नाहीत. आधी काहीच लागत नाही, मग सावकाश चढते.

शाळेची_घंटा
@रानवारा, जिना आहे! चांगला अरुंद आहे आणि बावीस पायऱ्यांचा आहे. रात्री झोपताना त्याचाच विचार करत होते.
@आजीचा_बटवा, मिरचीचं मी कबूल करते, गेल्या वर्षीच्या नाटकात आमच्याही टोपलीत होती. पिंपळी नक्की आणते.
@गोदाकाठ, दिवसाला पंधराचं गणित वहीत उतरवून घेतलं.

रोखठोक
मी थोडं वेगळं बोलतो, राग नसावा. मी पंचवीस वर्षं भूगोल शिकवला. सत्तर मिनिटं म्हणजे थोडा वेळ नाही. तेवढ्यात फळ्यावर नीट नकाशा काढला, सह्याद्रीची भिंत दाखवली, घाट दाखवले, बंदरं दाखवली, तर मुलांना सगळं चित्र एकत्र दिसतं. खेळात प्रत्येकाला आपल्यापुरता तुकडा दिसतो. जिन्यावर धक्काबुक्की होते, मुलं हसतात, घरी जातात. परीक्षेत विचारतात ते "सातवाहनकालीन व्यापाराची माहिती लिहा". तिथे जिना लिहून चालत नाही.

दूरदेशी
@रोखठोक सर, "प्रत्येकाला आपल्यापुरता तुकडा दिसतो" हे तुम्ही उणीव म्हणून सांगितलंत. मला तर खेळाचा जीव तिथेच आहे असं वाटतं. माझा अनुभव सांगतो.

आम्ही जर्मनीत राहतो. माझ्या मुलीच्या वर्गात रेशीममार्ग असाच करून घेतला होता. (हे नावही इथल्याच एका भूगोलतज्ज्ञाने, रिश्टहोफेनने, १८७७ साली रूढ केलं. त्या वाटेवरून उंट हाकणाऱ्या कुणी ते नाव कधी ऐकलं नसणार.) शिक्षिकेने वर्गाचे सहा गट केले. चीनच्या टोकाला एक, भूमध्य समुद्राच्या टोकाला एक, मधे चार. नियम एकच, आपल्या शेजारच्या गटाशीच बोलायचं आणि त्याच्याशीच व्यवहार करायचा. रेशमाचं एक फडकं या टोकाहून त्या टोकाला जाताना चार हातांतून गेलं आणि दर हाताने त्यावर आपली मजुरी आणि नफा चढवला. शेवटच्या गटाला ते इतकं महाग पडलं की त्यांनी त्याच्या चार चिंध्या करून वाटून घेतलं.

शेवटी बाईंनी विचारलं, हे कशापासून बनतं? भूमध्य गटातली मुलं म्हणाली, कापसासारखं झाडावर येत असेल. रोममधल्या लोकांचीही समजूत अशीच काहीतरी होती! माल पोहोचला, पण मालाची गोष्ट वाटेत गळून गेली. माझी मुलगी त्या रात्री जेवताना एवढं एकच बोलत होती.

तुमची सोपारा, वैशाखरे, जुन्नर, पैठण, तेर ही साखळी याला अगदी जुळते.

लिपिवेडा
@दूरदेशी, सुंदर प्रतिसाद.

मुलांना "व्यापारी १", "व्यापारी २" अशा चिठ्ठ्या देऊ नका. खरी नावं आहेत ना आपल्याकडे! लेणी खोदायला दान देणाऱ्या माणसांनी आपली नावं दगडात लिहून ठेवलीत, दोन हजार वर्षं ती वाट बघताहेत. घ्या:

इरिल. हा यवन, म्हणजे पश्चिमेकडून आलेला. जुन्नरला त्याने पाण्याची दोन टाकी खोदवून दिली. लेखात "बे पोढियो" असे शब्द आहेत. बे म्हणजे दोन, आपण पाढ्यात म्हणतो तेच बे. हे मुलांना जरूर सांगा.
सिंहदत्त, धेनुकाकट गावचा गंधिक, अत्तरं-सुगंध विकणारा. कार्ल्याच्या चैत्याचं, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्याचं, एक दार त्याच्या दानातून झालं.
सामी, सुतार, वेणुवासाचा मुलगा, कार्ल्यालाच.
भूतपाल, वैजयंती नगरीचा श्रेष्ठी, म्हणजे शेठ. कार्ल्याचं लेणं आपण पुरं केलं असं तो अभिमानाने सांगतो.
कोडी, भिक्षुणी, घुणिकाची आई. हीसुद्धा कार्ल्याची.
आणि जुन्नरची धान्यवाल्यांची श्रेणी, म्हणजे संघ. तिने मिळून सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. त्याच जुन्नरच्या लेखांत बुरूडकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणीही येते.

ज्या मुलाला "इरिल" मिळेल तो पुढे कधी जुन्नरला गेला की आपलं नाव शोधेल.

कणगी
@लिपिवेडा यांच्या चिठ्ठ्यांना माझा पूर्ण पाठिंबा, पण एक कळकळीची विनंती. चिठ्ठ्या डब्यात टाकून उचलायला द्या, बाईंनी वाटू नयेत.

मी सातवीत असताना आमच्या शाळेत (नाव नको) बारा बलुतेदारांचा कार्यक्रम झाला होता. कोण काय होणार ते सरांनी आडनावं वाचून ठरवलं. सुतार सुतार झाला, कुंभार कुंभार झाला आणि मला जे दिलं त्यावरून मी वर्षभर चिडवणं ऐकलं. आज पंचेचाळिशीला आले तरी तो दिवस आठवला की पोटात गोळा येतो. सरांचा हेतू वाईट नसेलही. पण अकरा-बारा वर्षांच्या मुलाला इतिहासातली भूमिका आणि आजची जात एकाच दोरीला बांधून देऊ नये. नशिबाने मिळालेली चिठ्ठी असेल तर कुणाला काही वाटत नाही.

मुलींचंही तेच. राणी नाहीतर दासी, तिसरं काही नाही. सातवाहनांच्या राणी नागनिकेने तर राज्य सांभाळलं, आणि लेण्यांना दान देणाऱ्यांत साध्या घरच्या बायका किती आहेत!

शाळेची_घंटा
@कणगी ताई, वाचून गलबलले. चिठ्ठ्या डब्यातूनच उचलायच्या, ठरलं. हे माझ्या आपणहून लक्षात आलं नसतं.

सोनारवाडा
आमचा पिढीजात धंदा सराफीचा, म्हणून नाण्यांबद्दल बोलतो.

कागदी पैसे करू नका. कार्षापण म्हणजे तेव्हाचं नाणं. चांदीचा कार्षापण साधारण ३२ गुंजांचा, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या जवळपास. गुंज म्हणजे ती लाल बी, डोक्यावर काळा ठिपका असलेली. माझ्या आजोबांच्या पेटीत अजून आहे वाटीभर. बी विषारी असते, मुलांच्या हातात सुटी देऊ नका, काचेच्या बाटलीत बंद करून दाखवा. वजनाला डाळीचे दाणे चालतील. चिंचोके नाण्यांना उत्तम, फुकट मिळतात आणि हातात खुळखुळतात.

तराजू मात्र खरा ठेवा, दोन करवंट्या आणि दोरी. प्रत्येक ठाण्यावर माल मोजून घ्यायचा. आमच्या दुकानात भांडणं व्हायची ती भावावरून कमी आणि काट्यावरून जास्त. मुलांचीही होतील, होऊ द्या.

लिपिवेडा
सोनारवाड्याला जोडून एक सुचतंय. खेळ मध्यावर आला की राजा बदला.

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला, १३,०००हून जास्त नाणी. सगळी सातवाहनांचा शत्रू असलेल्या क्षत्रप राजा नहपानाची, पण त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. वितळवली नाहीत, त्याच नाण्यावर वरून शिक्का. युद्ध कोण जिंकलं हे लोकांना असंच, रोजच्या खिशातून कळलं.

तर पहिल्या अर्ध्या तासात चिंचोक्यांवर निळा ठिपका. मग घंटा. यापुढे लाल ठिपका असेल तेच नाणं चालेल. मुलं काय करतात बघा.

रोखठोक
हे मात्र मला आवडलं. राजा बदलला की व्यापाऱ्याचं काय होतं हे मी कधी शिकवलंच नाही, नुसत्या लढाया आणि सनावळ्या शिकवल्या.

नकाशाचा मुद्दा तरी सोडत नाही.

रानवारा
घाटमाथ्यावर जकातीचा रांजण आहे, दगडी, चांगला मोठा. जिन्याच्या वरच्या पायरीवर बादली ठेवा. वर येणाऱ्याने त्यात एक चिंचोका टाकल्याशिवाय पुढे जायचं नाही.

लिपिवेडा
रांजणाबद्दल जरा जपून, रानवारा. तो जकातीचा ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली गोष्ट आहे. वरच्या लेण्यातला नागनिकेचा मोठा शिलालेख ब्राह्मी लिपीतला, त्यात अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापणांचे आकडे आहेत. अंक कोरलेले असे लेख आपल्याकडे फार थोडे, म्हणून गणिताच्या इतिहासातही त्याला मान आहे. पण रांजणाची गोष्ट त्यातून येत नाही. मुलांना "असं सांगतात" म्हणूनच सांगा.

रानवारा
मान्य, पण जकात होती हे तर कुणी नाकारत नाही ना? मग बादली ठेवायला काय हरकत?

लिपिवेडा
काहीच हरकत नाही. बादलीवर "असं सांगतात" एवढी चिठ्ठी चिकटवा म्हणजे झालं. दगडात लिहिलेलं कुठलं आणि लोकांच्या तोंडी आलेलं कुठलं, हा फरक सहावीतल्या मुलालाही कळतो, आपण सांगितला तर.

लदेणी
सगळे प्रतिसाद वाचले, फार आनंद वाटला. मी बंजारा समाजातला. शाळेत असा काही कार्यक्रम झाला की बैल हाकणाऱ्या माणसाला हटकून बंजाऱ्याचे कपडे घालतात, आरशांची कांचोळी, घुंगरू. आमच्या लोकांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून अख्खा देश पायाखाली घातला, त्याला आम्ही लदेणी म्हणतो, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. मुघलांच्या फौजांना धान्य पुरवलं ते आमच्या तांड्यांनी. पण तो काळ सातवाहनांच्या पुढे हजार-दीड हजार वर्षांचा. दोन्ही एकत्र केलं की दोघांवरही अन्याय होतो.

माझी सूचना अशी. सातवाहनांच्या खेळात साधं धोतर-उपरणं ठेवा. मग पुढच्या वर्षी सातवीत लदेणीचा वेगळा खेळ करा. माझी आजी सांगायची, रेल्वे आली आणि एका पिढीत सगळं संपलं, बैल विकले, लोक गोद्या-रस्त्यांच्या कामाला लागले. हेही मुलांना कळायला हवं, की मार्ग सुरू होतात तसे बंदही पडतात.

गोदाकाठ
@लदेणी, अगदी बरोबर. धन्यवाद दादा.

कोल्हापुरी_साज
थोडं अवांतर, पण राहवत नाही. आमच्या कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची काशाची छोटी मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, आणि सापडला पंचगंगेच्या काठी! तिकडे इटलीत पाँपेईला १९३८ साली हस्तिदंताची भारतीय बाहुली निघाली. तिच्या वळणाची हस्तिदंती मूर्ती तेरलाही मिळालीय. एक इकडे आली, एक तिकडे गेली. दोन्हींचे फोटो खेळ झाल्यावर शेजारी शेजारी लावा.

आजीचा_बटवा
कोल्हापूरला चाळीस वर्षं राहिले, टाउन हॉलच्या बागेत रोज फिरायला जायचे आणि आत जाऊन तो समुद्रदेव कधी पाहिला नाही. पुढच्या खेपेला पहिली तिथेच जाणार.

गणितमित्र
गणिताचा तास जोडून मिळाला तर हे करा. नाशिकच्या पांडवलेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे कार्षापण ठेव म्हणून ठेवले, २००० एका श्रेणीकडे आणि १००० दुसरीकडे. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० वर दरमहा शेकडा एक, १००० वर शेकडा पाऊण.

आता २००० वर महिन्याला वीस, वर्षाला २४०. लेखात म्हटलंय, लेण्यात पावसाळ्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा. वीस बारे दोनशे चाळीस. हिशोब तंतोतंत जुळतो! मी आठवीच्या वर्गात हे फळ्यावर मांडलं तेव्हा मागच्या बाकावरच्या पोराने आपणहून टाळी वाजवली. श्रेणी म्हणजे नुसता कारागिरांचा संघ नव्हता, लोक विश्वासाने पैसे ठेवायचे अशी ती पेढी होती, हे त्याला एका गुणाकारात समजलं.

शाळेची_घंटा
मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. काल खेळ झाला. सविस्तर लिहिते, तुमच्या सगळ्यांचा त्यात हात आहे.

पाच ठाणी केली. सोपारा आणि वैशाखरे खालच्या मजल्यावर, मधे जिना, वर व्हरांड्याच्या या टोकाला जुन्नर, मधे पैठण आणि त्या टोकाच्या वर्गात तेर. सगळ्यांनी डब्यातून चिठ्ठ्या उचलल्या. इरिल निघाला आमच्या वर्गातला सगळ्यात अबोल मुलगा. सहा जण फक्त भारवाही, कारण घाटात माल तेच वाहणार आणि मजुरी ठरवल्याशिवाय हलणार नाहीत हा नियम. बैल कुणीच नाही.

सोपाऱ्याला मी लाल मण्यांच्या माळा दिल्या, पोवळी म्हणून, आणि खड्याच्या मिठाच्या पिशव्या. वरून खाली पाठवायला तेरला मलमलीचे तुकडे, पैठणला गोटे, जुन्नरला बाजरी-नाचणीच्या पुरचुंड्या.

पहिल्या दहा मिनिटांतच जिना तुंबला. वरून नाचणी, खालून मीठ, मधे चौदा मुलं, कुणी मागे हटेना. मी तोंडातून शब्द काढला नाही. शेवटी भिक्षुणी कोडीची चिठ्ठी मिळालेली मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "ओझं घेऊन चढणाऱ्याला आधी वाट द्या, त्याला थांबलं की पुन्हा उचलायला त्रास होतो." उतरणाऱ्यांनी भिंतीला पाठ लावली. ही मुलगी रोज पाण्याचे हंडे घेऊन चढण चढते, तिला ते माहीत होतं. हातात दोन पिशव्या घेतलेला एक मुलगा तिच्याकडे बघून मान डोलावून पुढे गेला, ते पाहिलं आणि मला भरून आलं.

भारवाह्यांनी अर्ध्या जिन्यात संप केला! एका फेरीला एक चिंचोका ठरला होता, ते म्हणाले दोन. वैशाखऱ्याचा व्यापारी चिडला, पण करणार काय, गाडी तर चढत नाही. दोन दिले.

मग राजा बदलला. घंटा वाजवली, लाल ठिपका सुरू. आधी गोंधळ, मग लाल शाईच्या पॅडसमोर रांग. जुन्नरच्या एका पोराने मात्र सोळा निळे चिंचोके मोज्यात लपवून ठेवले. विचारलं तर म्हणतो, "बाई, जुना राजा परत आला तर?" 

सोपाऱ्याला दोन चिंचोक्यांना घेतलेली पोवळ्याची माळ तेरला अकरा चिंचोक्यांना गेली. मधले नऊ कुठे गेले ते आम्ही फळ्यावर लिहिलं. मजुरी, बादली, पुन्हा मजुरी, पैठणच्या व्यापाऱ्याचा नफा, सगळं मुलांनी सांगितलं. 

आणि शेवटी @दूरदेशी यांचा प्रश्न विचारला. तेरच्या गटाला म्हटलं, ही माळ कुठून आली? "पैठणहून." त्याआधी? माहीत नाही. इरिल कोण? एकानेही नाव ऐकलं नव्हतं. इरिलला विचारलं, तुझ्या हातातली मलमल कुठली? तो म्हणाला, "वैशाखऱ्याची." तेरच्या मुली एकदम ओरडल्या, "आमची आहे ती!"

रोखठोक सर, नकाशा मी तेव्हा लावला. आधी नाही, शेवटी. मुलं बाकावर चढून बघत होती.

रोखठोक
वाचलं. दोनदा वाचलं. नकाशा शेवटी लावायचा हे माझ्या डोक्यात कधीच आलं नाही, मी कायम त्यानेच सुरुवात केली. परीक्षेत काय लिहितात तेही कळवा.

लिपिवेडा
मोज्यातल्या सोळा चिंचोक्यांसाठी त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी. जोगळटेंभीच्या साठ्यातही हजारो नाणी ठसा न मारलेली, जशीच्या तशी आहेत. त्याला हे सांगा.

एक बारीकशी दुरुस्ती. पोवळी आणि दारूची ती यादी भडोच बंदराची आहे. त्या काळात कल्याणला जाणाऱ्या ग्रीक जहाजांना अडवून पहाऱ्यात भडोचला नेत असत, असंही पेरिप्लसमध्ये आलंय. पुढच्या वर्षी हेही खेळात घालता येईल, खेळ सुरू असतानाच सोपारा बंद.

आजीचा_बटवा
पिंपळी दिलीत का पोरांना?

शाळेची_घंटा
दिली आजी. आधी सगळे म्हणाले काहीच लागत नाही. मग एकेकाचा चेहरा बदलत गेला आणि नळावर गर्दी झाली.

@लिपिवेडा, सोपारा बंदची कल्पना वहीत लिहून ठेवली. त्या मुलाला जोगळटेंभीचं आज सांगितलं, त्याने ते सोळा चिंचोके कंपासपेटीत ठेवलेत. येत्या रविवारी पंधरा मुलं आणि चार पालक मिळून घाट चढतोय. इरिल सगळ्यात आधी तयार झाला. त्याचं नाव घाटात नाही, जुन्नरला आहे, हे त्याला सांगितलं, तर विचारतो, "मग जुन्नरला कधी जायचं?"

आणि तेरच्या गटाचा निरोप आहे, पुढच्या वेळी त्यांना सोपाऱ्याला बसवायचं. जहाज आलेलं त्यांना बघायचंय.